मूळ अर्थाचा हट्ट

इंग्रजी भाषेतील अपरिचित आणि मागे पडलेल्या शब्दांविषयी आपल्या सुशिक्षित वर्गात दोन मते नांदत असून, ती वरकरणी एकमेकांच्या उरावर बसलेली दिसली तरी त्यांचे गोत्र एकच आहे. पहिले मत हौशी संग्राहकांचे. जुनी पुस्तके चाळून विचित्र रूपाचे शब्द वेचावेत, प्रत्येकापुढे एका ओळीचा अर्थ मांडावा, त्या अर्थाला एखाद्या लॅटिन वा ग्रीक धातूचा टेकू द्यावा आणि 'आज लोक हा शब्द भलत्याच अर्थाने वापरतात, खरा अर्थ हा' असा निवाडा देऊन मोकळे व्हावे, अशी या मंडळींची रीत. दुसरे मत व्यवहारी गृहस्थांचे. शब्द मेला तो मेला, आपल्या भाषेतली मढी उकरायलाही जिथे फुरसत नाही तिथे परक्यांची मढी मराठी माणसाने का उकरावीत, असा त्यांचा रोकडा सवाल असतो. पहिला पक्ष जुन्या अर्थाची पूजा बांधतो, दुसरा त्याला अडगळीत टाकतो. पण शब्दाचा अर्थ म्हणजे शब्दाच्या पोटात एकदाच ठेवलेली, काळाशी आणि बोलणाऱ्या माणसांशी देणेघेणे नसलेली वस्तू होय, हे गृहीत दोघांनाही सारखेच मान्य आहे. मला ते मान्य नाही, आणि प्रस्तुत लेखात त्या गृहीताचाच समाचार घ्यावयाचा आहे.

पूर्वपक्ष त्याच्या संपूर्ण बळानिशी मांडल्यावाचून खंडनाला हात घालू नये, ही आपल्या शास्त्रकारांची शिस्त. म्हणून संग्राहकांची बाजू आधी नीट ऐकून घेऊ. ते म्हणतात की व्युत्पत्तीने शब्दांची कुळे कळतात, एक धातू हाती लागला की त्याच्या आधाराने दहा शब्द उलगडतात, आणि जुन्या ग्रंथांत तर मूळ अर्थच पुष्कळदा कामाला येतो. या म्हणण्यात तथ्य आहे, ते मी मोकळेपणाने कबूल करतो. १६११ साली सिद्ध झालेल्या राजा जेम्सच्या बायबलातील ११९ व्या स्तोत्रात भक्त म्हणतो की आपण पहाटेला 'प्रिव्हेंट' केले. आजच्या अर्थाने त्याने पहाट होऊच दिली नाही असे निष्पन्न होईल, आणि असा पराक्रम महाभारतातही केवळ जयद्रथवधाच्या प्रसंगी, तोही उलट्या दिशेने, घडलेला आहे. लॅटिन मुळाकडे पाहिले की 'आधी येणे' हा अर्थ सापडतो आणि भक्त पहाटेपूर्वी उठून प्रार्थनेला बसला एवढाच सरळ आशय हाती येतो. येथे व्युत्पत्ती जिंकली. परंतु ती जिंकली ती मूळ अर्थ हाच खरा म्हणून नव्हे; सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडातील माणसे तो शब्द त्या अर्थाने प्रत्यक्ष वापरीत होती म्हणून. साक्ष वापराची आहे, मुळाची नाही. हा भेद जो पाळीत नाही त्याला पुढच्याच वळणावर ठेच लागते.

ती ठेच कशी लागते याचे सर्वांत मौजेचे उदाहरण 'नाइस' या शब्दाचे. जेन ऑस्टिन यांच्या 'नॉर्थँगर ॲबी' या कादंबरीत, जी त्यांच्या मृत्यूनंतर १८१७ च्या अखेरीस बाहेर पडली, हेन्री टिल्नी नावाचा चतुर तरुण कॅथरिन या भाबड्या नायिकेची या शब्दावरून थट्टा करतो. ती एका पुस्तकाला 'नाइस' म्हणते, आणि हा तिला ऐकवतो की हा शब्द आता वाटेल त्या वस्तूला लावला जातो, मुळात तो नीटनेटकेपणा, नाजूकपणा, सुसंस्कृत अभिरुची एवढ्यापुरताच होता. व्युत्पत्तीच्या हट्टाचा इतका हसतमुख प्रतिनिधी इंग्रजी साहित्यात दुसरा नसेल. पण टिल्नीसाहेबांचा हा 'मूळ' अर्थ मूळ आहे कोठे? शब्द लॅटिनमधील 'नेस्किउस' यापासून निघाला, त्याचा अर्थ अज्ञ. फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ होता मूर्ख. पुढे तो छचोर, मग नखरेल, मग चोखंदळ, मग सूक्ष्म, आणि अठराव्या शतकात सुखद असा उतरत, चढत, वळत गेला. टिल्नी या जिन्याच्या मधल्याच एका पायरीवर बसून तिला तळमजला म्हणतो आहे. मूळ अर्थाचा आग्रह धरणारा प्रत्येक मनुष्य हेच करतो: आपल्या शिक्षकाने किंवा आपल्या आवडत्या ग्रंथकाराने जो अर्थ वापरला तेथे इतिहासाला थांबण्याचा हुकूम देतो आणि त्यापूर्वीच्या अर्थांना बेलाशक हद्दपार करतो. ऑस्टिनबाईंना ही गोम पुरती ठाऊक होती. म्हणूनच टिल्नीची बहीण त्याला तेथल्या तेथे टोमणा मारते की तू शहाणा कमी आणि 'नाइस' अधिक आहेस, आणि तो टोमणा चोखंदळ या जुन्या अर्थावर बेतलेला असल्यामुळे भावाचे शस्त्र भावालाच लागते.

आणि जर मुळाशीच जावयाचे असेल तर सर्वत्र जावे. 'डेसिमेट' म्हणजे दहांतील एक मारणे, ती रोमन सेनेतील शिक्षा होती, म्हणून 'मोठ्या प्रमाणावर संहार' या अर्थी तो शब्द वापरणे अशुद्ध, असे बजावणारे पंडित डिसेंबर हा बारावा महिना आहे याबद्दल मात्र कोठेही फिर्याद नोंदवीत नाहीत, वास्तविक त्या नावात दहाचाच आकडा आहे. 'क्वारंटीन' या शब्दात चाळीस दिवस दडलेले आहेत. पण चौदाव्या दिवशी सुटका झालेला एकही व्युत्पत्तिनिष्ठ गृहस्थ उरलेले सव्वीस दिवस भरण्यासाठी परत गेल्याचे ऐकिवात नाही.

हा वाद इंग्रजीने आपल्याला नव्याने शिकवावा असा नाही, आणि मला खेद वाटतो तो याच गोष्टीचा. ज्या परंपरेने यौगिक, रूढ आणि योगरूढ असे शब्दांचे भेद करून योगापेक्षा, म्हणजे घडणीतून निघणाऱ्या अर्थापेक्षा, रूढी बलवत्तर असा न्याय ठरवला, त्या परंपरेचे वारस परभाषेच्या प्रांतात शिरताच तो न्याय विसरतात. साहित्यशास्त्रकार मम्मटाने रूढिमूलक लक्षणेचे, म्हणजे मुख्य अर्थ सोडून रूढीने घ्यावयाच्या दुसऱ्या अर्थाचे, उदाहरण म्हणून 'कुशल' हा शब्द घेतला: मुळात कुश नावाचे दर्भ कापून आणणारा तो कुशल, बोट न कापता दर्भ आणणे हे विवेकाचे काम, म्हणून लक्षणेने निपुण. चौदाव्या शतकात साहित्यदर्पणकार विश्वनाथाने यावर हरकत घेतली. शब्द कसा बनला याचे निमित्त वेगळे आणि तो कशासाठी वापरला जातो याचे निमित्त वेगळे, असे सांगून त्याने विचारले की व्युत्पत्तीने मिळणारा अर्थ हाच मुख्य मानला, तर 'गौः' हा शब्द जाणे या अर्थाच्या धातूपासून झालेला असल्यामुळे 'गाय निजली आहे' या वाक्यातही लक्षणा मानावी लागेल. निजलेल्या गाईला गाय म्हणावयाचे की नाही, एवढ्यावर येऊन ठेपणारा हा व्युत्पत्तिनिमित्त आणि प्रवृत्तिनिमित्त यांचा भेद इंग्लंडातल्या कोशकारांनी पुढे पाचशे वर्षांनी आपल्या अनुभवातून पुन्हा शोधून काढला. 'डिअर' म्हणजे हरीण. परंतु जुन्या इंग्रजीत तो कोणत्याही जनावराचा वाचक होता, आणि 'किंग लिअर' मध्ये उंदीरघुशींच्या पंगतीला तो बसलेला आढळतो तेव्हा तेथे हरणे शोधू नयेत. आपल्याकडे 'मृग' शब्दाने हाच प्रवास जसाच्या तसा केला आहे. शाखामृग म्हणजे वानर, मृगेंद्र म्हणजे सिंह आणि मृगया म्हणजे सर्वच शिकार. तरीही आजच्या मराठीत मृग म्हणताच (पावसाचे नक्षत्र बाजूला ठेवले तर) डोळ्यांपुढे हरीणच येते, आणि ते आले म्हणून कोणी रडत बसत नाही.

या प्रकरणात एका माणसाची साक्ष मला विशेष मोलाची वाटते, कारण तिचा एक पाय काशीत आहे. अमेरिकेतील ट्रॉय गावी १८२५ मध्ये जन्मलेले फिट्झएडवर्ड हॉल १८४६ मध्ये कलकत्त्याकडे निघाले असता गंगेच्या मुखाशी त्यांचे जहाज फुटले. ते या देशात राहिले, संस्कृत शिकले, काशीच्या सरकारी संस्कृत पाठशाळेत अध्यापक झाले, आणि विज्ञानभिक्षूचे सांख्यभाष्य, सुबंधूची 'वासवदत्ता', धनंजयाचे 'दशरूपक' असे ग्रंथ त्यांनी संपादून छापविले. १८६२ मध्ये ते लंडनच्या किंग्ज कॉलेजात संस्कृताचे प्राध्यापक म्हणून गेले आणि तेथून त्यांनी इंग्रजीच्या स्वयंघोषित राखणदारांशी जे कडाक्याचे वाद मांडले त्यांत 'रिलायेबल' या शब्दाचा वाद अग्रगण्य आहे. आक्षेपकांचे म्हणणे असे की ज्या क्रियापदापुढे शब्दयोगी अव्यय लागल्यावाचून कर्म येत नाही त्याला असा प्रत्यय लागूच शकत नाही, तेव्हा हा शब्द व्याकरणाचा गुन्हेगार होय. हॉल यांनी १८७७ मध्ये या एका प्रत्ययावर आख्खे पुस्तक लिहून दाखल्यांच्या राशी ओतल्या. 'लाफेबल' हा शब्द त्याच घडणीचा असून त्यावर कोणी तक्रार करीत नाही, तर मग या एकट्यालाच चावडीवर का उभे करता, असा त्या युक्तिवादाचा रोख. ते कडवट लिहीत, हे खरे. त्यांच्या लेखणीत क्षमेचा अंश फारसा नव्हता. परंतु पाणिनीय परंपरेत मुरलेल्या या माणसाने इंग्रजीच्या बाबतीत सूत्रापेक्षा प्रयोगाला वरची जागा दिली, आणि पुढे १९०१ मध्ये मृत्यू येईपर्यंत ऑक्सफर्डच्या महाकोशासाठी रोजचे कित्येक तास विनामोबदला मुद्रिते तपासण्यात आणि अवतरणे पुरविण्यात घालविले.

तो महाकोश ज्या विचारातून जन्मला तो विचार हेच संग्राहकांना माझे उत्तर आहे. नोव्हेंबर १८५७ मध्ये, म्हणजे इकडे बंडाची धामधूम चालू असताना, रिचर्ड शेनेविक्स ट्रेंच या धर्मोपदेशकाने लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे इंग्रजी कोशांतील उणिवांवर दोन निबंध वाचले. कोशकार हा भाषेचा इतिहासकार आहे, टीकाकार नव्हे; चांगले शब्द ठेवावेत आणि वाईट गाळावेत हा त्याचा अधिकारच नाही; प्रत्येक शब्द केव्हा आला, कोणकोणत्या अर्थांनी वागला आणि केव्हा गेला याचे दप्तर त्याने ठेवावयाचे, असे त्यांचे सांगणे होते. १८७९ पासून जेम्स मरे यांनी हे दप्तर हाती घेतले, पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि शेवटचा १९२८ मध्ये, तोवर मरे यांना जाऊन तेरा वर्षे लोटली होती. ४,१४,८२५ शब्द आणि त्यांच्या पुष्ट्यर्थ छापलेली १८,२७,३०६ अवतरणे. या अवतरणांना सन जोडलेले आहेत, आणि सगळी खुबी त्या सनांत आहे. वापरातून गेलेल्या शब्दाच्या किंवा अर्थाच्या डोक्यावर कोशात एक छोटी कट्यार छापलेली असते. पण कट्यार लावली म्हणून त्याला घराबाहेर काढलेले नसते.

याउलट एकओळी याद्यांचा गुण असा की त्यांत भाषेत कधी नसलेले शब्दही सुखाने नांदतात. 'ॲबकॉट' नावाचे इंग्लंडच्या राजांचे एक शिरोभूषण कित्येक पिढ्या कोशांतून मिरवीत होते. कोणी त्याचे वर्णन लिहिले, कोणी चित्र दिले. मरे यांनी माग काढला तेव्हा तो 'बायकॉकेट' या टोपीवाचक शब्दाच्या वाचनात आणि छपाईत झालेल्या चुकांचा पोरवडा निघाला. अशा शब्दांना १८८६ मध्ये भाषाभ्यासक स्कीट यांनी 'भूतशब्द' असे नाव दिले. ज्याने कोणत्याही ग्रंथातील एकही वापर न दाखवता नुसता अर्थ सांगितला त्याच्या यादीत किती भुते आहेत हे ओळखण्याचे साधन वाचकापाशी नसते.

परंतु संग्राहकांवरचा माझा खरा आरोप भुतांचा नाही. ते चुकीच्या ठिकाणी पहारा देतात, हा आहे. 'फोरसूथ' किंवा 'गॅडझुक्स' असा शब्द समोर आला की अगदी नवशिका वाचकही थबकतो, कोश उघडतो आणि सावध होतो. अनोळखी शब्द आपण होऊन आपली अनोळख जाहीर करतो. घात होतो तो ओळखीच्या शब्दाकडून, ज्याचा चेहरा तोच आहे आणि मन पालटले आहे. सी. एस. लुईस यांनी १९६० च्या 'स्टडीज इन वर्ड्स' या ग्रंथात अशा अर्थाला 'धोक्याचा अर्थ' असे म्हटले: शब्दाचा जो अर्थ आपल्या काळात प्रबळ असतो तो जुन्या वाक्यात न बोलावता घुसतो, आणि वाक्य कसेबसे जुळत असल्यामुळे आपल्याला शंकाही येत नाही. ट्रेंच यांनी तर महाकोशाची पूर्वतयारी चालू असतानाच, १८५९ मध्ये, पूर्वी वेगळ्या अर्थाने वापरले जाणारे पण आज परिचित असलेले शब्द एवढ्यांचाच एक स्वतंत्र कोश काढला. दुर्मीळ शब्दांचा नव्हे, रोजच्या शब्दांचा. त्यांना धोका कोठे आहे हे कळले होते.

शेक्सपिअरच्या ज्युलिएटचा सज्जातील प्रसंग कोणाला ठाऊक नाही? विडंबनकारांपासून शाळकरी नाटुकल्यांपर्यंत सारे तिला कपाळावर आडवा हात धरून बागेतल्या अंधारात रोमिओला शोधायला लावतात, कारण 'व्हेअरफोर' या शब्दात त्यांना 'कोठे' ऐकू येते. त्याचा अर्थ आहे 'का'. ती त्याचा ठावठिकाणा विचारीत नाही. तू रोमिओ का असावास, वैऱ्याच्याच कुळात आणि वैऱ्याचेच नाव घेऊन का जन्मावास, असा तिचा दैवाला सवाल आहे. पुढचे सगळे स्वगत नाव आणि वस्तू यांच्या संबंधावर चालते ते याच सवालातून निघून. 'कोठे' असा अर्थ लावणाऱ्याला ते पुढचे बोलणे तुटक आणि अकारण वाटले पाहिजे. पण त्याला तसे वाटत नाही, कारण तो त्या प्रसंगाच्या कीर्तीवर भागवून घेतो.

'लेट' या शब्दाची कैफियत याहून विलक्षण आहे. जुन्या इंग्रजीत दोन निराळी क्रियापदे होती, एक मुभा देण्याचे आणि दुसरे अडविण्याचे. उच्चार झिजत झिजत दोन्ही एकरूप झाली आणि एकाच शब्दाला परस्परांच्या विरुद्ध दोन अर्थ येऊन चिकटले. पित्याच्या पिशाचामागे धावणारा हॅम्लेट आपल्याला 'लेट' करणाऱ्याला ठार करण्याची धमकी सोबत्यांना देतो, तेव्हा आजच्या अर्थाने तो आपल्याला जाऊ देणाऱ्यावरच उखडलेला दिसेल. एकाच घरात असे दोन मालक नांदू शकले नाहीत, अडविण्याचा अर्थ मागे पडला. पडला, परंतु निर्वंश झाला नाही: भारतीय पारपत्राच्या आरंभी राष्ट्रपतींच्या नावाने जी विनंती इंग्रजीत छापलेली असते तिच्यात धारकाला 'लेट' आणि अडथळा यांवाचून जाऊ द्यावे, असे आजही म्हटलेले आहे, आणि टेनिसची चेंडूफेक जाळीला चाटून गेली की पंच तोच शब्द उच्चारतो. लाखो भारतीय हा सोळाव्या शतकातला अर्थ खिशात घालून विमानात बसतात.

'प्रेझेंटली', 'अनॉन', 'बाय अँड बाय' हे तिन्ही शब्द एकेकाळी 'तत्काळ' या अर्थाचे होते आणि तिघांचेही पर्यवसान 'जरा वेळाने' यात झाले. 'आलोच' म्हणून अर्ध्या घटकेने उगवणारा मनुष्य केवळ आपल्याच देशात निपजतो असे समजणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. येथे एक गोष्ट वाटेत सांगून टाकतो. भारतीय लोक 'प्रेझेंटली' हा शब्द 'सध्या' या अर्थी लिहितात म्हणून त्यांना हसण्याची एक चाल आहे. हा अर्थ नवा अपभ्रंश नसून जुनाच आहे, आणि स्कॉटलंड व अमेरिकेत तो कधी मेलाच नव्हता.

नीतिवाचक आणि स्वभाववाचक शब्दांत हे पालट सर्वांत घातक ठरतात, कारण तेथे एका शब्दाबरोबर पात्राचे शीलच बदलते. 'प्राइड अँड प्रेज्युडिस' मधील थोरली बहीण जेन हिच्या अंगी 'कँडर' आहे असे आपण वाचतो. आजच्या अर्थाने ती तोंडावर खरे बोलणारी, फटकळ मुलगी ठरेल. १८१३ च्या अर्थाने ती कोणाचेही वाईट न चिंतणारी, प्रत्येकाच्या वर्तनाचा चांगलाच अर्थ लावणारी आहे. फटकळ कोण असेल तर धाकटी एलिझाबेथ. शब्दाचा सन चुकला आणि दोन बहिणींच्या स्वभावांची अदलाबदल झाली! त्याच कादंबरीतील कॉलिन्स महाशय लेडी कॅथरिनच्या 'काँडिसेन्शन'चे पोवाडे गातात, तेव्हा आजचा वाचक समजतो की हा वेडा आपल्या धनिणीच्या तुच्छतेचीच स्तुती करीत सुटला आहे. तसे नाही. वरच्या दर्जाच्या माणसाने आपण होऊन खालच्याशी बरोबरीने वागणे, हा त्या काळी गुण होता आणि त्याचे ते नाव होते. पुढे समाजाची दृष्टी पालटली, मुळात कोणी 'वर' आहे आणि तो 'उतरतो' आहे ही कल्पनाच अपमानकारक वाटू लागली, आणि शब्द काळवंडला. शंभर वर्षांचा सामाजिक इतिहास त्या एका शब्दाच्या पालटात नोंदला गेला आहे. मूळ अर्थ सांगून थांबणाऱ्याला तो दिसत नाही आणि आजचा अर्थ पुरे म्हणणाऱ्यालाही दिसत नाही. लॉक यांनी आपल्या प्रसिद्ध तत्त्वग्रंथाच्या १७०० च्या आवृत्तीत 'एन्थुझिॲझम' वर एक नवे प्रकरण घातले. त्याचे भाषांतर 'उत्साह' असे करणाराने विचारावे तरी की उत्साहाने त्या तत्त्वज्ञाचे काय बिघडवले होते? तेथे त्या शब्दाचा अर्थ आहे ईश्वरी संचार झाल्याचा भ्रम, ज्याला आपण अंगात येणे म्हणू.

काही जुने अर्थ तर मराठी वाचकाला इंग्रज वाचकापेक्षा लवकर उमजतील. 'ह्यूमर' म्हणजे विनोद, असे धरून जो बेन जॉन्सनच्या १५९८ मधल्या नाटकाकडे जाईल तो गोंधळेल; तो शब्द शरीरातील चार द्रवांचा आणि त्यांच्या प्राबल्याने ठरणाऱ्या प्रकृतीचा आहे. रक्तप्रधान, कफप्रधान, पित्तप्रधान, कृष्णपित्तप्रधान, अशी ती चार माणसे. आजच्या इंग्रजाला हे शब्द टिपा वाचून शिकावे लागतात. ज्याच्या घरात कफप्रकृतीच्या मुलाला दही देत नाहीत आणि रागावलेल्या माणसाचे पित्त खवळले असे म्हणतात, त्याला ते अर्ध्या वाक्यात समजावेत.

आता व्यवहारी गृहस्थांकडे वळतो. परक्यांच्या मढ्यांशी आमचा काय संबंध, हा त्यांचा सवाल. संबंध असा की आमच्या इतिहासाचा एक मोठा दस्तऐवज त्याच इंग्रजीत लिहिलेला आहे. शिवाजी महाराजांच्या काळाविषयी इंग्रज कंपनीच्या सुरत, राजापूर, कारवार, मुंबई येथील नोकरांनी जी पत्रे लिहिली, त्यांवर किती अभ्यासकांची भिस्त आहे हे मी सांगावयास नको; पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने १९३१ मध्ये त्यांचे संग्रह मुद्दाम छापविले. ती पत्रे सतराव्या शतकातील इंग्रजीत आहेत. त्यांतील 'फॅक्टरी' म्हणजे यंत्रांचा किंवा कारागिरांचा कारखाना नव्हे. तेथे काहीही तयार होत नसे. 'फॅक्टर' म्हणजे परदेशी मालकाच्या वतीने खरेदीविक्री करणारा मुखत्यार, आणि तो जेथे माल साठवून राहतो ती 'फॅक्टरी', म्हणजे वखार. आपल्या जुन्या लेखकांनी वखार हा नेमका शब्द दिला आणि तो टिकला म्हणून बरे. अन्यथा १६६४ च्या जानेवारीत जॉर्ज ऑक्झिंडनने सुरतेचा 'कारखाना' राखला असे वाचण्याची पाळी आली असती, आणि तेही अशा राज्याच्या इतिहासात की जेथे अठरा कारखाने म्हणजे तोफखाना, पीलखाना, जवाहिरखाना यांसारखी सरकारी खाती! एका जुन्या शब्दावर दुसरा जुना शब्द चढवून दोन्हीकडचे अर्थ बुडविण्याचा हा नमुना झाला असता. त्या पत्रांतील 'रायटर' ग्रंथकार नाही, कंपनीच्या नोकरीतील सर्वांत खालच्या पायऱ्यांवरचा कारकून आहे. तो चढत 'फॅक्टर' होतो आणि मग 'मर्चंट'. तेथला 'प्रेसिडेंट' वखारींच्या मंडळाचा प्रमुख आहे, आणि त्याच्या अंमलाखालचा मुलूख म्हणून 'प्रेसिडेन्सी', ज्याला आपण इलाखा म्हटले. आणि एखाद्या पत्रात अमुक गोष्ट 'प्रेझेंटली' घडली असे असेल, तर घटना लगेच घडली की काही काळाने, या प्रश्नावर स्वारीच्या तारखा हलू शकतात.

आणखी जवळचे उदाहरण हवे असेल तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश घ्या. १८३१ मध्ये पहिल्यांदा आणि १८५७ मध्ये सुधारून वाढवून निघालेला हा कोश जुन्या मराठी शब्दांसाठी आपण आजही पहिल्याने उघडतो. परंतु त्यातील अर्थविवरण ज्या इंग्रजीत आहे तीही पावणेदोनशे वर्षांपूर्वीची आहे. आपल्याच आजोबांच्या तोंडचा शब्द समजून घेण्यासाठी आपण त्या कोशापाशी जातो आणि तेथे व्हिक्टोरियाकालीन इंग्रज विद्वानाचा शब्द आजच्या अर्थाने वाचून परततो. जो म्हणतो की मला मराठी पुरे, जुनी इंग्रजी नको, त्याची मराठीसुद्धा काही अंशी त्या जुन्या इंग्रजीकडे गहाण पडलेली आहे, हे त्याला कोणी तरी सांगितले पाहिजे.

म्हणून इंग्रज वखारींचे कागद मराठीत आणणारे संपादक, आणि महाविद्यालयांतून नेमलेल्या शेक्सपिअर-ऑस्टिनला टिपा जोडणारे प्राध्यापक, या दोघांपाशी माझे एक मागणे आहे. 'गॅडझुक्स' ला टीप दिली नाही तरी चालेल, तो वाचकाला आपण होऊन हटकतो. टिपा 'प्रेझेंटली', 'फॅक्टर', 'कँडर', 'लेट', 'एन्थुझिॲझम' यांना द्या, आणि प्रत्येक टिपेत अर्थापुढे तो अर्थ कोणत्या सनात चालू होता तेही छापा.